सोनेरी हेल्मेट आणि ऑगस्टची परीक्षा

सोनेरी हेल्मेट सोन्याचं नसतं, हे आधीच सांगून टाकतो. साधं प्लास्टिकचं हेल्मेट, वरून सोनेरी रंग. आमच्या आइस हॉकीच्या लीगमध्ये प्रत्येक संघात ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त गुण, त्याने ते घालून खेळायचं असा नियम आहे. बाकी सगळ्यांची डोकी निळी, एकाचंच पिवळंधमक. अगदी वरच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळावं, की हा आमचा हुकमी एक्का. प्रेक्षकांना कळतं तसं ते समोरच्या संघातल्या आडदांड गड्यांनाही कळतं. कोणाला काचेच्या भिंतीवर नेऊन आपटायचं, हे त्यांना वेगळं विचारावं लागत नाही. ही कल्पना ज्याला सुचली तो जन्मात कधी बर्फावर उतरला नसणार, असं माझं मत आहे.

मी ओस्कारी, किविलाहती गावच्या संघाचा गोलरक्षक. तोंडावर पूर्ण मुखवटा, अंगावर गादीएवढं सामान, आणि काम काय, तर दगडासारख्या येणाऱ्या रबरी चकतीपुढे आपणहून उभं राहायचं. त्यामुळे गोलरक्षक थोडा सटकलेलाच असतो, असं सगळे धरून चालतात. मला ते सोयीचं पडतं, कारण सटकलेल्या माणसाच्या बोलण्याचा कोणी राग धरत नाही.

साम्प्सा आणि मी दोघंही कागद गिरणीच्या वसाहतीतले. एकाच तळ्याच्या बर्फावर पडून पडून शिकलो. तो कधीच तारा वगैरे नव्हता. त्याचं काम म्हणजे समोरच्या गोलरक्षकाच्या नाकासमोर जाऊन उभं राहायचं, त्याला काही दिसू द्यायचं नाही, पाठीत काठ्या खायच्या, आणि जमलंच तर मागून आलेल्या चकतीला हलकासा स्पर्श करून दिशा बदलायची. वर्षानुवर्षं तो हे करत आला. वर्तमानपत्रात फोटो दुसऱ्यांचे आले, आणि याच्या पाठीवर काळेनिळे वळ. कधी तक्रार नाही. आमच्याकडे तशीही माणसं तक्रार करत नाहीत, पण साम्प्सा तर कॉफी गार झाली तरी बोलायचा नाही.

आणि मग ज्या वयात आमच्यातले बाकीचे निवृत्त होऊन सॉसेजचं दुकान टाकतात, त्या वयात याचं नशीब उघडलं. त्या हंगामात त्याच्या काठीला जे लागेल ते आत जात होतं. नाताळानंतर एक दिवस आमचा सामान सांभाळणारा टाउनो त्याच्या जागेवर सोनेरी हेल्मेट ठेवून गेला. साम्प्साने ते उचलून उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाला, "चुकून माझ्या खुंटीवर ठेवलंय बहुतेक."

त्याच रात्री त्याच्या बायकोला, रीनाला, तो आरशासमोर हेल्मेट घालून दात घासताना सापडला. तिने ही गोष्ट दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना सांगितली. आम्ही त्याला महिनाभर छळलं.

तेव्हापासून एक रीत पडली. प्रत्येक सामन्याआधी, बर्फावर जायच्या दारात साम्प्सा उभा राहायचा, आणि मी माझ्या काठीने त्या सोनेरी टाळक्यावर एक टोला द्यायचो. ठण्ण असा आवाज आला की सगळे ओरडायचे आणि बाहेर पळायचे. पहिल्यांदा मी ते गंमत म्हणून केलं आणि आम्ही जिंकलो. मग काय, एकदा जिंकलं की आमच्यात मोजेसुद्धा धुवायचे नसतात. टोला हा आमचा धर्म झाला.

वसंताच्या तोंडावर एका चकतीने साम्प्साचा जबडा मोडला. नेहमीची डोळ्यांपुढची अर्धी काच डोळे वाचवते, हनुवटी नाही. आठवडाभर तो नळीने सूप प्यायला, आणि परत आला तो तोंडावर पूर्ण जाळी लावून. सोनेरी हेल्मेट आणि खाली कोंबड्यांच्या खुराड्यासारखी जाळी. आमचा दुसरा हुकमी खेळाडू आतोस मोठा तोंडाळ. तो म्हणायचा, "साम्प्सा, अंडं दिलंस की सांग रे."

साम्प्सा जाळीतून म्हणायचा, "तुझ्या तोंडाला जाळी लावायला हवी खरं तर. आतून."

सौनामध्ये, म्हणजे आमच्या वाफेच्या खोलीत, बसलो की त्याच्याकडे बघून मला वाटायचं, हा माणूस कशाचा बनलाय? शिवलेली भुवई, तारांनी बांधलेला जबडा, पाठीचा नकाशा झालेला, आणि तरी दगडांवर पाणी टाकायला सगळ्यात आधी उठणार हाच. मी कुणाचं कौतुक तोंडावर करत नाही. पण त्याचं मला मनापासून कौतुक होतं, आणि आजही आहे.

आता ऑगस्टच्या परीक्षेबद्दल सांगायला हवं.

हंगाम सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्ये, प्रत्येकाची संगणकावर एक परीक्षा होते. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, रंग बदलला की बटण दाबा. डोकं ठणठणीत असताना ते किती चालतं, हे त्यातून लिहून ठेवतात. पुढे कुणाच्या डोक्याला मार लागला की तीच परीक्षा परत. उत्तरं ऑगस्टएवढी आली तर खेळायला परवानगी, कमी आली तर बाहेर. कल्पना चांगली आहे. पण खेळाडूंनी त्यावर लगेच तोड काढली होती. ऑगस्टमध्येच मुद्दाम चुकायचं. बटण उशिरा दाबायचं, शब्द विसरल्याचं नाटक करायचं. म्हणजे पुढे मार बसून डोकं खरंच मंद झालं तरी उत्तरं जुळतात. ही युक्ती जुने खेळाडू नव्यांना शिकवायचे, आणि सगळे स्वतःला फार हुशार समजायचे.

मला मात्र हे कोणी सांगितलंच नव्हतं. गोलरक्षक कोपऱ्यात एकटा बसतो. मी बापडा दरवर्षी जीव तोडून परीक्षा द्यायचो, आणि बरोब्बर मधोमध यायचो. बाकीचे बावळटपणाचं सोंग करत होते आणि मी मन लावून त्यांच्याइतकाच. हे उघड झालं तेव्हा आतोस हसून हसून बाकावरून खाली पडला होता.

त्या वर्षी आम्ही अंतिम फेरीत पोचलो. किविलाहतीने चषक कधीच जिंकला नव्हता. आधी चार सामने जिंकेल त्याचा चषक. सहा झाले, तीन आमचे, तीन त्यांचे. पण सहाव्या सामन्यातच ते घडलं.

दुसऱ्या सत्राच्या शेवटी साम्प्सा कोपऱ्यात चकती काढायला वाकला होता. त्यांचा एक गडी वेगाने आला आणि त्याने खांदा याच्या डोक्यात घातला. डोकं काचेवर आदळलं. साम्प्सा उठला, हात वर करून ठीक असल्याचं दाखवलं. जाळीवर साधा ओरखडाही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही काठीने बर्फ बडवला.

तिसरं सत्र सुरू झालं आणि एकदम माझ्यासमोर कोणाची तरी पाठ आली. चकती आमच्या टोकाला होती, त्यांचा गडी नेम धरत होता, आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. निळी जर्सी, वर सोनेरी डोकं. साम्प्सा माझ्या नाकासमोर पाय रोवून उभा होता आणि मला अडवत होता. जसा तो समोरच्यांच्या गोलरक्षकाला अडवतो, अगदी तसाच, नीट, मनापासून.

"अरे बैला, मी आहे!" मी ओरडलो. "आपला गोल आहे हा! सरक!"

त्याने मागे वळून बघितलं. जाळीतून त्याचे डोळे मला दिसले. तो मला ओळखत नव्हता. क्षणभरच, पण नव्हताच ओळखत. मग हसला आणि म्हणाला, "बाजू बदलल्या ना, विसरलो."

चकती माझ्या खांद्याला लागून बाहेर गेली. प्रेक्षक हसले, बाकावर आमचे लोक हसले, टीव्हीवरचा बोलणारासुद्धा हसला म्हणे. मला हसू आलं नाही. सामना आम्ही हरलोच, आणि शेवटचा सातवा सामना आमच्या मैदानावर ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या संघाच्या डॉक्टरबाई, तेल्लेरवो आहवेनलांपी, यांनी त्याची परीक्षा घेतली. जबड्याच्या ताराही तपासायच्या होत्या, आणि गाडी चालवायला त्याने मला सोबत नेलं होतं, म्हणून मी खोलीत होतो. बाईंनी कागद बघितला आणि चष्मा काढला.

"साम्प्सा, या कागदाप्रमाणे तू काल मार बसल्यावर ऑगस्टपेक्षा हुशार झालायस."

"काल झोप छान लागली."

"डोकं दुखतंय?"

"नाही."

"उजेडाचा त्रास? मळमळ?"

"नाही."

बाईंनी टेबलावरच्या जाळीवर बोटाने टकटक केलं. "हे दात वाचवतं. हेल्मेट कवटी वाचवतं. आतलं सगळं मात्र अंड्यातल्या बलकासारखं हलतं. कवच शाबूत असलं म्हणजे बलक फुटला नाही असं नसतं. दुसरा मार लगेच बसला, तर पुढचं मी सांगू शकत नाही. चालणं, बोलणं, काहीही जाऊ शकतं. तू मला सांगितलंस तरच मला कळेल."

"मी ठीक आहे, डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाईंनी सही केली, पण म्हणाल्या, "उद्या सामन्याच्या वेळी मी दारातच असेन. मत बदललं तर दोन पावलं टाक फक्त."

त्याला घरी सोडलं. रीना कामाला गेली होती. कुत्री अंगणात धावत आली, बर्फाच्या चिखलात लडबडलेली. साम्प्साने शीळ घातली. मग म्हणाला, "ये गं. ये. ये, बाई."

मी गाडीचं दार बंद करता करता थांबलो. "हाक मार ना तिला."

"मारली की."

"नावाने मार."

तो उभा राहिला. कुत्री शेपूट हलवत त्याच्या गुडघ्यांवर चढत होती. नऊ वर्षं ती त्या घरात होती. तिचं नाव त्यानेच ठेवलं होतं. मला त्याच्या गळ्याची हालचाल दिसत होती, शब्द शोधत असल्यासारखी, आणि शब्द येत नव्हता.

"ओस्कू," तो शेवटी हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नकोस."

माझं टाळकं फिरलं. "अक्कल गहाण टाकलीस का? बाईंनी काय सांगितलं ते ऐकलंस ना? उद्या परत खांदा बसला, तर रीनाचं नाव विसरशील. मग काय करणार आहेस? शीळ घालणार आहेस तिला?"

"एकच सामना राहिलाय रे. एकच. इतकी वर्षं मी ते सोनेरी हेल्मेट दुसऱ्यांच्या डोक्यावर बघत आलो. आता कुठे ते माझ्या डोक्यावर आलंय, आणि चषक समोर आहे. हे परत येणार नाहीये. तुला माहितेय, मलाही माहितेय."

चषक मलाही हवा होता, आणि तो खेळला नाही तर मिळणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून मी मूर्खासारखं म्हणालो, "उद्या मी तुला टोला देणार नाही."

"देशील," तो म्हणाला. "मोजे तरी धुतलेस का तू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदान खच्चून भरलं होतं. आख्खी गिरणी बंद ठेवली होती म्हणे. ड्रेसिंग रूममध्ये आतोस टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला. कोच पेन्त्तींनी नावं वाचली, त्यात साम्प्साचं पहिलं. आम्ही दाराशी रांग लावली. बाहेरून लोकांचं पाय आपटणं ऐकू येत होतं. डॉक्टरबाई म्हटल्याप्रमाणे दाराशेजारी उभ्या होत्या.

साम्प्सा पुढे आला, जाळी लावलेली, सोनेरी डोकं माझ्यापुढे किंचित झुकवून. मी काठी उचलली.

आणि त्याने डोळे मिटले.

एवढ्या सामन्यांत कधी मिटले नव्हते. तो नेहमी माझ्याकडे बघून दात काढायचा. आता मार बसायच्या आधीच त्याचा चेहरा आक्रसला होता, लहान मूल सुई बघून करतं तसा. माझा हात वरच राहिला. मला तो खाली आणता येईना. माझ्याहून सटकलेला माणूस संघात नाही, पण ते मला जमलं नाही.

"मार रे, उशीर होतोय," कोच मागून म्हणाले.

मी काठी खाली ठेवली. सगळे बघत होते. साम्प्साने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग काठीकडे. आणि मग त्याने हनुवटीखालचा पट्टा सोडला. तो टक् असा छोटासा आवाज मला अजून ऐकू येतो. त्याने हेल्मेट काढलं, हातात धरलं, आणि वळून सगळ्यांकडे तोंड केलं. जबड्यातल्या तारांमुळे त्याला सावकाश बोलावं लागायचं.

"ऑगस्टमध्ये मी मुद्दाम चुकलो होतो," तो म्हणाला.

कोणीतरी हसलं. "ते तर सगळेच चुकतात, साम्प्सा."

"हो. म्हणूनच सांगतोय. परवा मी आपल्याच गोलसमोर उभा होतो, तेव्हा मी बाजू विसरलो नव्हतो. ओस्कूला ओळखलं नव्हतं मी. मला माझ्या कुत्रीचं नाव आठवत नाहीये. कालपासून शोधतोय. रीनाला विचारायची लाज वाटते."

आता कोणी हसलं नाही. बाहेर लोक आमच्या नावाने ओरडत होते. इतकी वर्षं मी या माणसाला पाठीवर काठ्या झेलताना बघितलंय, मोडक्या जबड्याने गोल करताना बघितलंय. पण त्या दारात तो जे बोलला, त्याच्या पासंगालाही त्यातलं काही पुरत नाही. माझ्या मुखवट्याच्या आत मी रडत होतो. मुखवट्याचा तेवढा एक फायदा.

नियमाप्रमाणे हेल्मेट दुसऱ्या क्रमांकाच्या डोक्यावर जायचं. तो दोन पावलं टाकून आतोसकडे गेला आणि ते त्याच्या हातात दिलं. "घे. अंडं घालू नकोस त्यात."

आतोस बाकावर टेकला आणि हेल्मेट मांडीवर घेतलं. त्यावरून हात फिरवला. कोच म्हणाले, "घाल लवकर, टाउनो जाळी काढून काच लावून देईल." आतोस हलला नाही. मग त्याने डॉक्टरबाईंकडे बघितलं. त्या तोंडाळ माणसाचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता.

"डॉक्टर, मलापण बघा. चौथ्या सामन्यापासून रोज सकाळी उलटी होतेय मला."

पेन्त्तींनी तोंडावर हात घेतले. हंगामातले दोन सगळ्यात चांगले खेळाडू, शेवटचा सामना, आणि दोघंही बाकावर बसून बूट सोडताहेत. मग कोच हात खाली घेऊन म्हणाले, "अजून कोणी? आत्ताच सांगा. मी ओरडणार नाही." आणि खरंच ओरडले नाहीत. ते मी त्यांच्या नावावर कायमचं जमा धरलंय.

सोनेरी हेल्मेट त्या दिवशी आमच्या एका दणकट बचावपटूच्या डोक्यावर गेलं. त्याला ते इतकं घट्ट बसलं की कान बाहेर लोंबत होते. टोला कोणी दिला नाही. आम्ही जीव तोडून खेळलो, जादा वेळेपर्यंत नेलं, आणि हरलो. शेवटची चकती माझ्या दोन पायांमधून गेली, त्याबद्दल मला बोलायचं नाही. साम्प्साने ती बघितली नाही. तो तेव्हा पडदे ओढलेल्या खोलीत झोपला होता आणि रीना त्याच्या उशाशी बसली होती.

तो परत खेळला नाही. मे संपेपर्यंत त्याला उजेड सोसत नव्हता, मग हळूहळू सोसायला लागला. आतोस शरद ऋतूत परत आला, पूर्वीइतकाच तोंडाळ. जूनमध्ये मी साम्प्साच्या घरी गेलो होतो. तळ्यावरचा बर्फ कधीच गेला होता. तो काळा चष्मा लावून धक्क्यावर बसला होता. कुत्री पलीकडच्या झाडीत बदकांच्या मागे लागली होती. एकाएकी तो उठला, हात तोंडाशी नेले आणि ओरडला, "पुल्ला! पुल्ला, इकडे ये!"

कुत्री आली. भिजलेली, धापा टाकत, थेट त्याच्या अंगावर. तो माझ्याकडे बघत होता आणि मी पाण्याकडे बघत होतो, कारण त्या दिवशी मी मुखवटा आणला नव्हता.

ऑगस्टमध्ये परत परीक्षा आली. साम्प्सा सकाळपासून डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर पुल्लाला घेऊन बसला होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगत होता. "मन लावून सोडव रे." बाकी काही नाही. प्रत्येक जण वाकून कुत्रीच्या डोक्यावर थोपटायचा आणि आत जायचा. आतोस तर परीक्षा देऊन बाहेर आला तेव्हा घामाघूम झाला होता.

आठवड्याने डॉक्टरबाईंनी मला एकट्यालाच बोलावून घेतलं. चेहरा गंभीर. समोर कागद.

"ओस्कारी, उन्हाळ्यात कुठे पडलास का? डोक्याला काही लागलं?"

"नाही. का?"

"गेल्या वर्षी तू अगदी मधोमध होतास. या वर्षी आख्ख्या संघात शेवटचा आलायस. शेवटून पहिला."

"माझे गुण कमी झालेत का?"

त्यांनी जुना कागद काढला, नव्याशेजारी ठेवला. आकडे तेच होते. त्या परत परत दोन्ही कागदांवरून बोट फिरवत राहिल्या, आणि मग त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे बाकीचे सगळे..."

"हो, डॉक्टर," मी म्हणालो. "मी असाच आहे."

बाहेर साम्प्सा वाट बघत होता. मी शेवटचा आलोय हे त्याला सांगितलं. इतका अभिमान मला कुठल्याही विजयाचा वाटला नव्हता.